तांबडं पाणी

मुकादमिणीने फोटो हातात घेतला आणि आधी उलटा करून त्याची पाठ पाहिली. पाठ कोरी होती.

"आकडा कुठंय?" तिने विचारलं.

"कसला आकडा, आजी?"

"खड्ड्याचा. थराचा. बिनआकड्याचं खापर म्हणजे बिनओळखीचा पाहुणा. त्याला बसवायचा कुठं?"

समोर बसलेली तपासनीस मुलगी हसली. ती संग्रहालयातून आली होती. तिथल्या जुन्या वस्तू खऱ्या की खोट्या हे पाहणं तिचं काम. मांडीवर जाडजूड फाईल, नाकावर घसरणारा चष्मा आणि बोलण्याआधी दोनदा आवंढा गिळायची सवय. मुकादमिणीने तिला दारातच जोखलं होतं. पोरगी हुशार आहे, पण हिला कुणी चिमटा काढला तर ही आधी माफी मागेल.

मग तिने फोटो सुलटा केला. तळहाताएवढं खापर, त्यावर ओरखडलेल्या पाच खुणा. तीन उभ्या, एक आडवी, एक वाकडी.

"ओळखलंत?"

"आपल्या पोराला ओळखायला चष्मा लागतो होय गं?" असं म्हणून तिने चष्मा लावलाच.

बेचाळीस वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या टेकाडावर हे खापर निघालं तेव्हा वर्तमानपत्रात त्याचा एवढाच फोटो आला होता. तळाच्या, म्हणजे सगळ्यात जुन्या थरात लिहिलेलं खापर! माणसाला जेव्हा लिहिता येऊ लागलं असं सगळे समजत होते, त्याच्या हजार वर्षं आधीच इथली माणसं लिहीत होती, असं साहेबांनी जगाला सांगितलं. पुढे शाळेच्या पुस्तकात ते चित्र आलं आणि संग्रहालयात त्याला काचेची स्वतंत्र पेटी मिळाली. टेकाड खणणारे ते साहेब, आणि खणून निघालेली खापरं धुणाऱ्या बारा बायकांची ही मुकादमीण. तिचं खरं नाव आता फक्त दवाखान्याच्या कागदावर उरलं होतं.

सुनेने चहा आणून ठेवला. मुकादमिणीने कप न उचलताच म्हटलं, "साखर राहिली."

"चाखला तरी का, आई?"

"रंगावरून कळतं."

सुनेने गुपचूप कपात चमचा फिरवला. साखर तळाला बसली होती. राहिली नव्हती. पण तीस वर्षांत तिने एवढं शिकून घेतलं होतं की या घरात चुका करायचा मक्ता तिचा एकटीचा आहे. दूध उतू गेलं की सुनेचं, नळ गळला की सुनेचा. सासूबाईंचं एकच वाक्य ठरलेलं असे, "मी बारा बायका आणि हजारो खापरं सांभाळली. एक चिठ्ठी इकडची तिकडे झाली नाही. तुला दोन खोल्या सांभाळता येत नाहीत?"

तपासनीस मुलीने फाईल उघडली.

"आजी, या खापराबद्दल शंका निघाली आहे. खुणांच्या रेघांमध्ये मातीचे कण सापडले. अगदी बारीक, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. ते तांबडे आहेत. आणि तळाचा थर तर—"

"काळा," मुकादमीण म्हणाली. "काजळासारखा. बोटांच्या घड्यांतून आठ-आठ दिवस निघायचा नाही."

"बरोबर. म्हणजे खापर तळातलं नाही, वरच्या तांबड्या थरातलं आहे. तिथं असलं खापर मिळणं साधी गोष्ट. मग ते तळात आलं कसं? समितीतल्या लोकांचं म्हणणं आहे की..." तिने आवंढा गिळला. "साहेबांनीच ते टाकलं. नाव व्हावं म्हणून. सोमवारी तसं लिहिणार आहेत. दालनावरचं साहेबांचं नावही काढतील."

"साहेबांनी?" मुकादमिणीचा आवाज चढला. "अगं, त्या माणसाला खोटं बोलता येत नसे! जेवायला बोलावलं आणि भाजी खारट झाली तर 'खारट झाली' म्हणून वाढणारीच्या तोंडावर सांगायचा. म्हणून तर त्याला दुसऱ्यांदा कुणी बोलवायचं नाही. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! कोण आहेत हे समितीवाले? टेकाडाची माती तरी लागली आहे का त्यांच्या नखाला?"

"मलाही ते पटत नाही," मुलगी म्हणाली. "मी म्हटलं, दुसरीही शक्यता आहे. धुण्याच्या जागी चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल. तशी झाली असेल तर ती चूक ठरते, फसवणूक नाही. साहेबांना मी पत्र लिहून तेच विचारलं. त्यांचं उत्तर आलं आहे."

तिने कागद काढून वाचला. "चिठ्ठ्यांची अदलाबदल अशक्य. त्या ज्या बाईंच्या ताब्यात होत्या, त्यांना वाचता येत होतं. नऊ हिवाळ्यांत त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही. माझ्यावर काय ठपका ठेवायचा तो ठेवा, पण धुणाऱ्या बायकांवर ढकलू नका."

मग सूनच म्हणाली, आणि टोमणा मारतेय की अभिमानाने बोलतेय ते तिचं तिलाही कळलं नसावं, "खरंच आहे ते. आमच्या आईंच्या हातून चूक होतच नाही."

"खाली तुमचा दुजोरा हवा होता," मुलीने पेन पुढे केलं. "म्हणजे तो भाग मिटेल."

मुकादमिणीने पेन घेतलं. टोपण काढलं. पुन्हा लावलं.

टेकाडाच्या पायथ्याशी तेव्हा जुन्या तंबूच्या कापडाची सावली केलेली असे. तिच्याखाली पाण्याची चार पिंपं, बारा बुटकी स्टुलं आणि बारा जणींचे ब्रश. बाहेर उन्हात ओळीने अंथरलेल्या चटया. टोपलीभर खापरं यायची, टोपलीत खड्ड्याचा आणि थराचा आकडा लिहिलेली चिठ्ठी असायची, आणि खापरं धुऊन चटईवर पसरली की चिठ्ठी दगडाखाली त्याच चटईवर ठेवायची. एवढंच काम. पण चुकलं तर सगळं गेलं. कारण माती असते तोवर खापर बोलतं, कुठून आलं ते सांगतं. धुतलं की मुकं होतं. मग त्याच्या वतीने फक्त चिठ्ठी बोलते.

पहिल्या दिवशी साहेब डोक्यावरची टोपी सावरत आले आणि म्हणाले, "तुमच्यापैकी वाचता कुणाला येतं?"

अकरा माना खाली गेल्या. हिचा हात वर गेला. का गेला ते तिला कधीच सांगता आलं नाही. शाळेत ती दीड वर्ष गेली होती, त्यातलं निम्मं वर्गाबाहेर उभं राहण्यात गेलं. स्वतःचं नाव तेवढं ती ओळखायची, तेही ओळखीच्या माणसाला लांबून ओळखावं तसं. पण हात वर गेला तो गेलाच. साहेब म्हणाले, "छान. तुम्ही मुकादमीण." आणि त्या शब्दाने तिची पाठ जी ताठ झाली, ती बाळंतपणातसुद्धा वाकली नाही.

निभावलं ते चिठ्ठ्या लिहिणाऱ्या कारकुनामुळे. नीटनेटका माणूस. वरच्या थराला लाल पेन्सिल, मधल्याला निळी, तळाला काळी. मुकादमिणीने आकड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रंग पाहायची आणि खणखणीत आवाजात सांगायची, "हां, ही तिकडची! ती इकडे घे गं!" काय दिवस होते! हात थंडीने निळे पडायचे आणि तोंडं चालूच. कुणाची सासू कशी, कुणाचा नवरा घोरतो कसा, सगळं त्या पिंपातल्या पाण्यात धुऊन निघायचं. दुपारी पत्र्याच्या मगातून चहा. साहेब चटयांमधून पाय जपून टाकत यायचे, एखादं खापर उचलून कानाशी धरल्यासारखं करायचे आणि विचारायचे, "काय म्हणतंय, मुकादमीणबाई?" ही म्हणायची, "म्हणतंय, साहेबांनी आज दाढी केली नाही."

नवऱ्याच्या घरात तिला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. तिथं मात्र जो तो तिलाच विचारायचा.

सहाव्या हिवाळ्यात कारकुनाला ताप आला. बदली आलेल्या माणसाने सगळ्या चिठ्ठ्या एकाच काळ्या पेन्सिलीने लिहिल्या. दोन दिवस तिने टोपलीवरून नजर न हलवता काढले. चिठ्ठी आणि चटई यांची जोडी मनात घट्ट धरून ठेवली. तिसऱ्या दिवशी दुपारी वावटळ आली. दोन चटयांवरचे दगड लहान होते. दोन चिठ्ठ्या उडाल्या, ती धावली, दोन्ही पकडल्या, आणि हातात पाहते तो दोन्ही सारख्याच, जुळ्या बहिणींसारख्या. साहेबांचा तंबू वीस पावलांवर होता. जाऊन विचारायला एक क्षण पुरला असता. पण अकरा जणी माना वर करून बघत होत्या.

"हां, ही इथली," ती मोठ्याने म्हणाली. "आणि ही तिथली."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी त्यातल्या एका चटईवरून ते खापर उचललं.

"आई?" सुनेने हाक मारली. "सही करताय ना?"

"करीन," मुकादमीण म्हणाली आणि उठून शाल घेतली. "साहेबांच्या समोर करीन. पोरी, गाडी आणली आहेस ना? आणि तू गं, बघत काय उभी राहिलीस? तूही चल. माझा गुडघा काय माझं ऐकतो?"

साहेबांच्या मुलीने दार उघडलं. पुस्तकांनी भरलेली, औषधांचा वास येणारी खोली. साहेब खिडकीशी खुर्चीत बसले होते. उंच माणूस घडी घालून ठेवावा तसे झाले होते. डोक्यावरचे केस गेले होते, पण दाढी आजही केलेली नव्हती.

"मुकादमीणबाई!" त्यांचे डोळे तेवढे उठून उभे राहिले. "पाठ अजून ताठ आहे की."

"पाठ आहे. बाकीचं मोडीत काढायला झालं. तुमची तब्येत?"

"मी चोर झालोय, ऐकलंत ना?"

"ते मिटवायलाच आले."

ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. वाटेत तिने पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता जवळ आलं नाही.

"साहेब, मला वाचता येत नव्हतं."

तपासनीस मुलीचं पेन थांबलं. सुनेने आधी सासूकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"वावटळीत दोन चिठ्ठ्या उडाल्या. मी अंदाजाने ठेवल्या. उलट्या ठेवल्या गेल्या. खापर वरच्या थरातलं. तुम्ही टाकलं नाही, मी टाकलं."

साहेबांचा चेहरा कठोर झाला.

"खोटं बोलताय. मला वाचवायला."

"तुम्हाला वाचवायला मी कशाला खोटं बोलू? तुम्ही कोण लागता माझे?"

"नऊ वर्षं तुम्ही चिठ्ठ्या वाचल्यात. माझ्या डोळ्यांदेखत."

"रंग वाचले. तांबडी, निळी, काळी. तुमचा कारकून गुणी होता. तो आजारी पडला आणि मी आंधळी झाले. त्या हिवाळ्यानंतर शिकले मी, पोराच्या पाटीवर, तो झोपला की. आकडे आधी, अक्षरं मागाहून. पण ते त्या खापराचं होऊन गेल्यावर."

"चिठ्ठ्या उलट्याच ठेवल्या हे कशावरून? बरोबरही पडल्या असतील!" साहेब खुर्चीत पुढे सरकले. चोर म्हणवून घेताना त्यांनी असा वाद घातला नव्हता. आता मात्र हातातलं काहीतरी निसटत होतं. "अंदाज होता ना? मग अर्धी शक्यता माझ्या बाजूची आहे!"

मुकादमिणीला ते दिसलं. तिने आवाज खाली आणला.

"साहेब, ते खापर मी स्वतः धुतलं होतं. रेघांत माती अडकली होती, म्हणून ब्रश दोनदा फिरवला. पाणी तांबडं झालं. काळं नाही, तांबडं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते हातात धरून नाचायला लागलात, टोपी पडली तुमची, तेव्हाच मला ते पाणी आठवलं. तोंड उघडलंही होतं मी. पण तुम्ही म्हणालात, 'मुकादमीणबाई, चिठ्ठी मोठ्याने वाचा, सगळ्यांना ऐकू द्या.' आणि मी वाचली. तुम्ही आदल्या दिवशी बोलताना मी ऐकलेले आकडे म्हणून दाखवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. साहेबांनी डोळे मिटले होते. मुकादमिणीला वाटलं, आता हा माणूस बोलेल ते ऐकून घ्यायचं. नाकावर माशी बसू दिली नाही आजवर, आता बसू दे.

"तांबडं पाणी," साहेब स्वतःशी म्हणाले. आणि मग, "हं."

एवढंच. बेचाळीस वर्षांची इमारत त्या एका 'हं'मध्ये खाली बसली. तपासनीस मुलीने फाईलमध्ये मान घातली होती. सूनबाई पुढे आली आणि सासूच्या कोपराखाली हात घातला. मुकादमिणीने तो झटकला नाही.

"म्हणजे आई," सून हळूच म्हणाली, "तुमच्या हातूनही..."

"हो. एकदा. आता त्याचा पाढा वाचत बसू नकोस."

सुनेने ओठ आवळले. हसू की रडू, ते तिने खोकल्यात घालवलं.

मुकादमीण खुर्चीत बसली. एवढी वर्षं ती हे ओझं पाठीवर घेऊन ताठ चालली होती, आणि ते उतरलं तर पाठ दुखायला लागली. तिला वाटत होतं, साहेबांनी रागवावं. निदान विचारावं, की मग हात वर का केलात त्या दिवशी? पण साहेब काही विचारत नव्हते. त्यांचे मिटलेले डोळे पापण्यांखाली हलत होते, कुठलीतरी जागा धुंडाळल्यासारखे.

मग त्यांनी डोळे उघडले.

"चिठ्ठ्या दोन होत्या," ते म्हणाले.

"दोन."

"उलट्या ठेवल्या म्हणजे दोन्ही उलट्या ठेवल्या."

"आता किती वेळा म्हणवून घेणार?"

"तसं नाही हो!" साहेबांचा आवाज एकदम तरुण झाला. "तांबड्या थरातली खापरं तळाच्या नावावर गेली. मग खरी तळातली खापरं कुठं गेली? दुसऱ्या चटईवर काय होतं?"

मुकादमिणीने आठवून पाहिलं. "काळी, जाडीभरडी. टोपलीभर होती. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंही नाहीत. त्या दिवशी सगळे एकाच खापराभोवती गोळा झाले होते."

"म्हणजे ती वरच्या थराच्या नावाने बंद झाली," साहेब म्हणाले. "कुणी काही शोधणार नाही अशा पेटीत." ते तपासनीस मुलीकडे वळले. "वरच्या थराची पेटी तुम्ही उघडलीत?"

मुलीने तीनदा आवंढा गिळला. "नाही, सर. ती आम्हाला लागलीच नाही. तळघरात आहे. तुम्ही ज्या दोरीने बांधली, त्याच दोरीने बांधलेली असेल."

"रेघा असतील का त्यांवर?"

"सर, ते कसं सांगणार?"

"बाई, तुम्ही धुतलीत ना ती? रेघा होत्या?"

"बघितलं कोणी नीट? काळ्या मातीत ब्रश फिरवायचा आणि टाकायचं. पिंपातलं पाणी तर शाई झालं होतं." ती थांबली. "एक-दोन खापरांवर बोटाला खरखर लागली होती. मला वाटलं, ब्रशचीच झाली."

साहेब दोन्ही हात खुर्चीवर रेटून उभे राहिले. त्यांची मुलगी दारातून धावत आली.

"बाबा, काय करताय?"

"माझे बूट कुठंयत?"

"कुठले बूट? डॉक्टरांनी तुम्हाला—"

"टेकाडावरचे. टाकायचे नाहीत म्हणून सांगितलं होतं तुला."

मुलगी हताशपणे मुकादमिणीकडे पाहू लागली. मुकादमीण मात्र साहेबांकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर थोडा राग होता. आयुष्यभर झाकून ठेवलेलं तिने आज भर खोलीत उघडं केलं, आणि हा माणूस ते ओलांडून सरळ पुढे निघाला. वाचता येत नव्हतं याचं त्याला काहीच नाही! एक शब्दसुद्धा नाही!

बूट आले. चामडं वाळून त्यांची बोटं वर वळली होती. साहेब पलंगाच्या कडेला बसून एकात पाय घालू लागले. नाडी हाताला सापडेना.

"सावकाश, साहेब," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षं पडून आहे ते. नाडी बांधेपर्यंत कुठं पळून जात नाही."

"ते नाही पळत हो," साहेब मान खाली घालूनच म्हणाले. "माझं काय?"

मुकादमिणीने दुसरा बूट उचलला, उलटा करून पलंगाच्या पायावर दोनदा आपटला. त्यातून चिमूटभर माती जमिनीवर पडली. ती कुठल्या रंगाची आहे हे कुणी पाहिलं नाही. तिने बूट साहेबांच्या पायापाशी ठेवला आणि सुनेवर डाफरली, "अगं, उभी काय आहेस? जा, गाडीचं दार उघड."